चार तास अंधार

८ जुलै, मंगळवार

आधी अंगण झाडलं. मग सडा टाकला. नळ पावणेसहाला येतो, म्हणून पाण्याचे दोन पितळी गुंड आणि एक बादली भरून घेतली. शेळीला बाभळीचा पाला टाकला. गॅसवर दोघांचा चहा ठेवला, माझा मी दारात बसून प्यायले आणि त्यांचा पातेल्यात झाकून ठेवला. अंगणातून कोंबड्यांच्या शेडचे दिवे दिसत होते. दिवे लागलेले आहेत म्हणजे माणूस कामात आहे, असं धरून मी कपडे भिजवले, धुतले, दोरीवर टाकले. चहा निवून गेला म्हणून थोडी चिडलेसुद्धा. रोजच्यासारखी सकाळ होती.

वही उघडली की मागच्या सप्टेंबरातली ही सकाळच आधी हाताखाली येते. वही खरं तर त्यासाठी नाही. आर्णीच्या सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी यवतमाळहून मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई येतात. आज रुपाली, माझी मुलगी, पुसदहून मुद्दाम आली आणि मला त्यांच्याकडे घेऊन गेली. मी बाईंना म्हटलं, "नवरा जाऊन वर्ष झालं नाही. अशी बाई हसत फिरन का?" त्या म्हणाल्या, "हसणार नाही, पण रडेल. तुम्ही शेवटच्या कधी रडलात?" मला आठवलं नाही. त्यांनी कागदावर नैराश्य असं लिहिलं आणि सकाळी घ्यायची एक गोळी दिली. फरक पडायला तीन-चार आठवडे लागतात, मधेच सोडायची नाही, आणि झोपेच्या वेळा रोज वहीत लिहायच्या, असं सांगितलं.

येताना ऑटोत रुपाली म्हणाली, "आई, दसऱ्यापर्यंत पाहते. तुझं खाणं-झोपणं नीट झालं नाही तं शेड कंपनीले परत, आन् तू माझ्याकडं पुसदले."

शेड तिच्या बाबांनी उभी केली. तीन हजार पक्ष्यांची आहे. कंपनी पिल्लं आणि खाद्य देते, आपण चाळीस दिवस वाढवून द्यायचे. ती सोडून मी पुसदच्या तिसऱ्या मजल्यावर काय करू?

झोप: साडेबारा ते तीन. शेडला लागून खाद्याच्या पोत्यांची खोली आहे, तिथे झोपते. दिवा चालू.

१० जुलै, गुरुवार

आषाढ पौर्णिमा. वर्षावास सुरू झाला. या तीन महिन्यांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि चौदा वर्षं वाचायला मी बसत आले. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर आणि रुपालीच्या पुस्तकांवर शिकले.

नलू, माझी धाकटी जाऊ, बोलवायला आली. "चाला न बाई, सगळे तुमची वाट पाहून राह्यले."

"डोळ्यानं दिसत नाही मले."

"काल तं गोळीच्या पाकिटावरची मुंगीएवढी अक्षरं वाचून राह्यल्या होत्या!"

मी पाकीट उशीखाली सरकवलं. ती म्हणाली, "बरं, मंग चहा तरी पाजा. आल्यासारखं कायतरी घेऊन जातो." तिला करून दिला. मी घेतला नाही. सकाळी शेड पाहिल्याशिवाय मी काही तोंडात घालत नाही, आणि शेड पाहून होईपर्यंत चहाची वेळ निघून जाते. त्यामुळे सवयच गेली आहे.

झोप: एक ते साडेतीन. दिवा चालू.

१३ जुलै, रविवार

उद्या पिल्लं येणार. आज शेडमध्ये भाताच्या तुसावर पेपर अंथरले. पहिले दोन दिवस पिल्लं तूसच टोचून खातात, म्हणून खाली पेपर आणि पेपरवर बारीक खाद्य टाकतात. काम अर्ध्या तासाचं, पण मला तीन तास लागतात, कारण मी अंथरता अंथरता वाचते. रुपालीचे बाबा म्हणायचे, "पिल्लं आले का त्याइलेही वाचून दाखव."

आज रद्दीत एक लेख सापडला. डोक्यात, मेंदूच्या मधोमध, वाटाण्याहून लहान एक गाठ असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन नावाचा रस रक्तात सोडते, उजेड झाला की थांबवते. माणसात असतो, गुराढोरांत असतो, पक्ष्यांतही असतो. नैराश्य आलेल्या काही लोकांत हा रस कमी किंवा अवेळी तयार होतो असं दिसून आलं आहे. मी तिथेच तुसात बसून दोनदा वाचलं. खाली लिहिलं होतं, उरलेला मजकूर पान सातवर. तीन गठ्ठे उलटेपालटे केले, पान सात निघालं नाही. पण मुद्दा समजला. माझ्यात तो रस कमी आहे. म्हणजे हे मनाचं नाहीच, गाठीचं आहे. वाचून बरं वाटलं. गाठ कोणाचीही बिघडू शकते.

अर्धा लेख फाडून वहीत ठेवला.

१४ जुलै, सोमवार

पिल्लं आली. शेडभर पिवळा चिवचिवाट.

कंपनीचा सुपरवायझर संघदीप मोटरसायकलवर येऊन तक्ता लावून गेला. रोज किती खाद्य, किती मेले, किती तास अंधार, ते त्यात भरायचं असतं. तक्त्यावर नाव अजून रुपालीच्या बाबांचंच आहे, उकंडा. त्यानं विचारलं, बदलून तुमचं, सत्यभामा, लिहू का? मी म्हटलं, राहू दे.

"काकू, अंधाराचं तेवढं पाहाल बरं. पहिला आठवडा एक तास, आठव्या दिवसापासून चार तास."

"व्हय."

"नुसतं व्हय नाही. आपल्याकडच्या लाइटीचा काय भरवसा हाय? ज्या पक्ष्यानं अंधार पाह्यलाच नाही तो लाइट गेली का बावरते. सगळे एका कोपऱ्यात पळतात, एकावर एक चढतात, आन् खालचे दबून मरतात. सवय असली तं जागच्या जागी बसून राहतात. झोप भेटली का वाढतेही चांगला."

मी त्याला मेलाटोनिन समजावून सांगितलं. तो हेल्मेट हातात धरून ऐकत राहिला. "काकू, तुम्ही तं कॉलेजात पाह्यजे होत्या. मंग आमच्यासारख्याइले कोण विचारते?"

झोप: बारा ते तीन. दिवा चालू.

२१ जुलै, सोमवार

आठवा दिवस. आजपासून चार तास. दहा वाजता बटणापाशी गेले. शेडचं आणि माझ्या खोलीचं बटण एकच आहे. हात ठेवला. मग वाटलं आज वारा फार आहे, पडदे फडफडतात, पिल्लं घाबरतील. उद्या पाहू. तक्त्यात मात्र टिक केली, रिकामा रकाना बरा दिसत नाही. मागच्या आठवड्याच्याही टिका अशाच आहेत.

२५ जुलै, शुक्रवार

आर्णीला गेले. सकाळच्या सतरा गोळ्या झाल्या, फरक काही नाही. नुसती मळमळ होते. रोग गाठीचा आणि गोळी मनाची, मग फरक कसा पडेल?

औषधाच्या दुकानात विचारलं, "मेलाटोनिन आहे का?"

"कोणाले पाह्यजे, मावशी?"

"मले."

"डॉक्टरनं लिहून देल्लं?"

"पेपरात लिहून आलं."

तो हसला आणि डबी काढून दिली. आजपासून सकाळची बंद, रात्रीची सुरू.

झोप: नऊला गोळी घेतली. साडेअकरा ते अडीच. दिवा चालू.

३ ऑगस्ट, रविवार

मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. वातामुळे असावं. काल साबण हातातून निसटून मोरीत गेला तेव्हा रडू आलं. रडणं आलं म्हणजे सुधारणा आहे, डॉक्टरीणबाईंनी रडण्याचंच विचारलं होतं. मंगळवारी त्यांच्याकडे गेले नाही. गाठीचं त्यांना कसं सांगायचं, त्यांनी तर तपासलंही नव्हतं.

पक्षी वीस दिवसांचे झाले. पांढरी पिसं आली. रात्रभर खातात. दोन वाजता पाहावं तर भर दुपारसारखे फिरत असतात. मीही त्यांच्यातून फिरते. एकमेकांची सोबत होते.

झोप: लिहिण्यासारखी नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

काम नव्हतं म्हणून पेटी आवरली. चांगली तीन लुगडी नलूला नेऊन दिली. शेडचं सगळं, मोटर कधी लावायची, औषध पाण्यात किती टाकायचं, चाव्या कुठे आहेत, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून खिळ्याला लावलं. कोणालाही समजेल. हलकं वाटलं.

नलू म्हणाली, "बाई, हे काहून देऊन राह्यल्या? दसऱ्याले काय नेसान?"

"एवढी लागत नाहीत मले."

ती माझ्याकडे पाहत राहिली. लुगडी घेतली. संध्याकाळी मीठ मागायला आली. तिच्याकडे मिठाची भरलेली बरणी मी परवाच पाहिली होती. आली ती नऊ वाजेपर्यंत बसली, कोणाची सून पळाली, कोणाचं रेशन आलं, असं बोलत. नलू अलीकडे विसरभोळी झाली आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

आज नलूला विळा हवा होता. उद्या तिखट संपणार, असं आत्ताच सांगून गेली.

१७ ऑगस्ट, रविवार

दोनशे बारा पक्षी मेले.

काल रात्री पाऊस नव्हता, काही नव्हतं. मी खाटेवर पडले होते, डोळा नुकताच लागला होता, आणि लाइट गेली. एकदम. इतका अंधार मी अकरा महिन्यांत पाहिला नव्हता. जनरेटर शेडच्या पलीकडच्या टोकाला आहे. दोन मिनिटांचं काम. पक्ष्यांचा आवाज आधी थांबला, मग पावलांचा आला, हजारो पावलं एकाच दिशेनं, मग जाळीवर धपधप. मला समजत होतं काय चाललं आहे. मी उठले नाही. खाटेची पट्टी दोन्ही हातांनी धरून बसून राहिले. वीस-पंचवीस मिनिटांनी लाइट आली तेव्हाच पाय हलले.

उत्तरेच्या कोपऱ्यात कमरेएवढा ढीग होता. वरचे जिवंत होते. खालचे गरम होते.

उजाडेपर्यंत मी ते एकेक उचलून ओळीनं ठेवले. नलू आली, काही न बोलता पदर खोचून लागली. खड्डा तिनंच खणला, मला फावडं धरता येत नव्हतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

संघदीप आला. ढीग कुठे होता ते पाहिलं, तक्ता पाहिला, डोकं खाजवलं.

"समजून नाही राह्यलं काकू. पस्तीस दिवसाचे पक्षी, रोजच्या रोज चार तास अंधार. असे चढाले नाही पाह्यजे."

"टिका खोट्या आहेत."

"कोणत्या?"

"सगळ्या. एक रात्रही दिवा बंद केला नाही."

त्यानं खिशातून पेन काढलं. मग म्हणाला, "लाइट गेली एवढंच लिहितो वरती. तेही खोटं नाही."

मी म्हटलं, "नाही. जसं झालं तसं लिही. मी उठलेही नाही, तेही लिही."

तो पोत्यावर बसला. "काका असते तं त्याइनं मलेच झाडलं असतं. दर आठ दिवसाले येतं, पक्ष्याचे डोळे पाहून तुले समजलं नाही का, म्हणून." मग हसल्यासारखं केलं. "काका पिल्लाइजवळ बसत होते, माहीत हाय न तुम्हाले? पहिल्या आठवड्यात दिवा बंद केला का एक तास अंधारात पिल्लाइच्या मधात. आवाज ऐकू आला का पिल्लं थंड राहतात म्हणे."

मला माहीत नव्हतं. मी समजत होते तिकडे बिडी ओढत असतील. विचारलं, "काय बोलत होते?"

"सांगू का? राग नका धरू."

"सांग."

"'झोपा रे लेकहो, नाही तं सत्यभामा येईन.'"

तो गेल्यावर मी तुसात बसले आणि रडले. साबणासाठी रडले होते तसं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नलूनं सकाळीच ऑटो बोलावून ठेवला होता. म्हणाली, "माझं डोकं दुखते, दवाखान्यात सोबत चाला." दवाखान्यात पोचल्यावर चिठ्ठी माझ्या नावाची काढली. मी म्हटलं, "डोकं तुझं दुखते न?" ती म्हणाली, "तुमच्याच पायी दुखते."

मला वाटलं डॉक्टरीणबाई रागावतील. मी डबी टेबलावर ठेवली, अर्धा लेख ठेवला, सगळं सांगितलं. त्यांनी लेख पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, "पान सातवर काय असेल ते मी सांगते."

त्यांनी सांगितलं ते आठवेल तसं लिहिते. मेलाटोनिन आनंदाचा रस नाही, झोपेचाही नाही. तो गावच्या कोतवालासारखा आहे. रात्र झाली अशी दवंडी देतो आणि जातो. दवंडी ऐकून बाकीचं शरीर आपापल्या कामाला लागतं. नैराश्यात काहींची दवंडी उशिरा होते, काहींची बारीक होते, काहींची अगदी वेळेवर असते तरी नैराश्य असतं. झोप बिघडली म्हणून मन खचलं की मन खचलं म्हणून झोप बिघडली, हे प्रत्येकात सुटं करून सांगता येत नाही. दोन्ही एकमेकांना ओढतात. म्हणून नुसता कोतवाल विकत आणून नैराश्य जात नाही.

"आणि तुम्ही तर तो आणून वर दिवा लावून ठेवला," त्या म्हणाल्या. "तो ओरडतोय रात्र झाली, डोळे सांगतात दिवस आहे. कोणाचं ऐकावं त्या शरीरानं?"

डोक्यातली वीज वातानं नव्हती. सकाळची गोळी एकदम सोडल्यानं होती.

मग त्यांनी नलूला बाहेर बसायला सांगितलं आणि विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?"

इतकं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मरावं असं नाही. सकाळी उठावं लागू नये असं."

त्यांनी ते लिहून घेतलं. "लुगडी दिली, कागद लिहून ठेवला, त्या वेळी?"

नलूनं हे त्यांना कधी सांगितलं? मी "होय" म्हटलं. म्हणेपर्यंत मलाच माहीत नव्हतं.

"दिवा कोणासाठी लागतो?"

"पक्ष्यांसाठी."

"पक्ष्यांना चार तास अंधार द्यायचा असतो, असं आत्ताच म्हणालात."

तेव्हा मी ती सकाळ सांगितली. अंगण, सडा, दोन गुंड, एक बादली. रात्री लाइट गेली होती. पक्षी मोठे होते, पंखे बंद पडून चालत नाही, म्हणून रुपालीचे बाबा जनरेटर लावायला उठले. मी उठले नाही. तेव्हा मला झोप फार गाढ होती, दिवसभर काम आणि रात्री दगड. लाइट आपोआप परत आली. सकाळी मी झाडलं, भरलं, चहा केला, माझा प्यायले, कपडे धुतले, आणि सात वाजता पातेल्यातला चहा पुन्हा गरम करून शेडवर घेऊन गेले. हे जनरेटरजवळ पडलेले होते. दिवे सगळे लागलेले होते. त्या रात्री एकही पक्षी मेला नव्हता.

बाई म्हणाल्या, "किती वाजता गेले, ते कळलं होतं?"

"दोनच्या सुमारास, असं डॉक्टर म्हणाले. हृदय बंद पडलं."

"म्हणजे साडेपाचला चहा नेला असतात तरी..."

"माहीत आहे. डोक्याला माहीत आहे."

त्यांनी घाई केली नाही. बाहेर रांग होती तरी केली नाही. मग सांगितलं: सकाळची गोळी पुन्हा सुरू, डबी त्यांच्याकडे राहील. झोपायचं घरात, शेडवर नाही, आणि नलूनं जवळ झोपायचं. खोलीत दिवा नाही. सकाळी उठून अर्धा तास अंगणात उजेडात बसायचं. दर मंगळवारी यायचं, आणि सकाळी उठू नये असं फार वाटलं तर मंगळवारची वाट न पाहता यायचं, रात्र असली तर फोन करायचा. नंबर वहीच्या पहिल्या पानावर त्यांनीच लिहून दिला.

येताना नलूला म्हटलं, "मीठ, विळा, तिखट. मले समजायला पाह्यजे होतं."

"तुमच्या घरचं तिखटच बेकार," ती म्हणाली. "चार दिवस पोट जळून राह्यलं."

३० ऑगस्ट, शनिवार

पक्षी गेले. शेड रिकामी आहे, चुना मारला. घरात झोपते. दिवा बंद केला की छाती धडधडते, मग नलू बोलत राहते. बोलता बोलता तीच आधी झोपते आणि घोरते. काल तिच्या घोरण्यात मलाही लागली.

झोप: अकरा ते चार. दिवा बंद. सकाळची गोळी घेतली.

रुपालीचा फोन आला. दोनशे बारा तिला समजले आहेत. "आई, आता तरी बस कर." मी म्हटलं, "दसऱ्यापर्यंत म्हणाली होती तू. एक बॅच तं येते तवापर्यंत."

१० सप्टेंबर, बुधवार

नवी पिल्लं आली. पेपर अंथरले, आज वाचायला थांबले नाही. म्हणजे थोडंच थांबले.

संघदीपनं विचारण्याआधी मीच म्हटलं, तक्त्यावरचं नाव बदल. त्यानं सत्यभामा लिहिलं. शेडच्या दिव्यांचं आणि खोलीचं बटण त्यानंच वेगळं करून दिलं. "आता नाटक नाही चालणार काकू," म्हणाला.

संध्याकाळी सात वाजता शेडच्या मधोमध जाऊन बसले आणि नलूला बाहेरून बटण दाबायला सांगितलं. एक तास. पहिल्या मिनिटाला पिल्लांचा आवाज एकदम चढला, माझ्या पायांवर, मांडीवर चढली, इवल्या नखांची. मी पदर मुठीत धरला. बाहेरून नलू ओरडली, "लावू का वं बाई?" मी म्हटलं, नको.

काहीतरी बोलायला हवं होतं. सुचेना. शेवटी म्हटलं, "झोपा रे लेकहो, नाही तं सत्यभामा येईन."

बाहेर नलू हसायला लागली. "ते तं आलीच हाय आत!"

पाचेक मिनिटांत पिल्लं मांडीवरच बसली. मग आवाजच राहिला नाही. तीन हजार जीव आणि आवाज नाही. इतका वेळ अंधारात काय करावं म्हणून मी ओळखत बसले: कौलातून आभाळ कुठे दिसतं, जनरेटर कुठे आहे. जनरेटर जागेवरच होता. लोखंडाचा आहे, वास डिझेलचा येतो. दुसरं तिथे काही नव्हतं.

तक्त्यात टिक केली.

१७ सप्टेंबर, बुधवार

चार तास सुरू. मी पहिला अर्धा तास बसते, मग घरी येते; दिवे परत लागायला संघदीपनं बटणाला घड्याळ बसवून दिलं आहे. पक्ष्यांची मर रोज दोन-तीन, नेहमीची.

काल डॉक्टरीणबाईंना विचारलं, पिल्लांसारखं मलाही चार तासच पुरतील का? त्या म्हणाल्या, "तुम्हाला सात. आणि पिल्लांवरून स्वतःचं औषध ठरवू नका पुन्हा." गोळीनं फरक पडला की अंधारानं, हेही विचारलं. म्हणाल्या, दोन्ही, आणि नलूबाई तिसऱ्या.

अजून वाईट दिवस येतात. परवा पूर्ण दुपार भिंतीकडे तोंड करून पडले होते. पण रविवारी भाजीत मीठ कमी आहे हे जिभेला समजलं. वर्षभर ते समजत नव्हतं.

झोप: साडेदहा ते पावणेपाच. दिवा बंद.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दवाखान्यातून येताना ऑटोवाल्याशी भांडले. सुट्टे नाहीत म्हणत होता. नलू म्हणाली, "आता खरी बाई परत आली."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज वर्ष झालं. भंतेजी आले, परित्राण पाठ झाला. रुपाली कालच आली होती. संध्याकाळी सगळे विहारात बसले तेव्हा मी ग्रंथ पुढे ओढला आणि दोन पानं वाचली. मधे एकदा थांबावं लागलं. कोणी घाई केली नाही. नलूनं तेवढं मोठ्यानं म्हटलं, "डोळ्यानं दिसून राह्यलं वाटते."

रात्री पिल्लांपाशी बसले होते, आता पिल्लं कसली, सोळा दिवसांचे पक्षी झाले. रुपाली अंधारात चाचपडत आली आणि शेजारी बसली. मी तिला बाबा काय म्हणायचे ते सांगितलं. ती आधी हसली, मग माझ्या खांद्यात तोंड घालून रडली. पक्षी हलले नाहीत.

थोड्या वेळानं म्हणाली, "सामान नाही बांधत मग तुझं."

"नको बांधू. ही बॅच वीस ऑक्टोबरले जाते. मंग चार दिवस येतो मी पुसदले. चारच."

आत्ता घरात येऊन लिहिते आहे. वही बंद केली की दिवा बंद.

२७ सप्टेंबर, शनिवार

झोप: दहा ते साडेसहा. उठले तेव्हा उन्हं अंगणात आली होती. नळ येऊन गेलेला, गुंड भरलेले, अंगण झाडलेलं. रुपाली म्हणाली, ती दोनदा दारातून पाहून गेली, माझा श्वास चालू आहे का. शेडवर कोण गेलं, हे मी विचारलं. ती म्हणाली, कोणी नाही.

तिनं चहा केला होता. मी दारात बसून तो पूर्ण प्यायले. मग शेडवर गेले.